मंकी आयलंड पहिल्यांदा खेळताय? कुठलं व्हर्जन घ्यायचं आणि आतल्या गमती कुठे सापडतात

'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' खेळायचाय, कुठून सुरू करू असं कोणी विचारलं की बहुतेक जण एका ओळीत उत्तर देतात, स्पेशल एडिशन घे आणि खेळ. सल्ला वाईट नाहीये पण अर्धाच आहे, कारण ह्या गेमची जेवढी व्हर्जन्स निघाली तेवढ्यांमध्ये काही ना काही बदललं आणि नेमकं जे बदललं तिथेच गेमच्या निम्म्या गमती होत्या.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९० साली लुकासफिल्म गेम्सने काढलेला हा पॉइंट अँड क्लिक ॲडव्हेंचर, मूळ डोकं रॉन गिल्बर्टचं आणि लिहायला सोबत टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन. हिरो आहे गायब्रश थ्रीपवुड, एक बावळट पण मनाने चांगला पोरगा ज्याला काहीही करून पायरेट व्हायचंय. मग त्याला तीन परीक्षा द्याव्या लागतात, तलवारबाजी, चोरी आणि खजिना शोधणं, मध्ये गव्हर्नर इलेन मार्ली भेटते आणि भुताचा पायरेट लेचक आडवा येतो. एवढं पुरे, जास्त सांगितलं तर मजा जाईल.

आता मुद्द्याचं. ह्या गेममध्ये बरेचसे जोक गोष्टीत नाहीयेत, ते स्क्रीनच्या खालच्या पट्टीत आहेत. व्हर्बचं जे पॅनल असतं (उघड, ढकल असे शब्द क्लिक करून गायब्रशला काय करायचं ते सांगायचं) त्यात, फ्लॉपी टाका म्हणणाऱ्या मेसेजमध्ये, सेव्ह-रिस्टोअर विचारणाऱ्या बॉक्समध्ये. म्हणजे गेम स्वतःच्याच इंटरफेसची टर उडवतो. आणि नवीन व्हर्जन काढताना लोक सगळ्यात आधी काय बदलतात तर इंटरफेस. म्हणून कुठलं व्हर्जन खेळताय ह्याला इथे इतर गेम्सपेक्षा जास्त महत्त्व आहे.

पायरी १: व्हर्जन समजून घ्या

सगळ्यात पहिलं आलं ते ईजीए (त्या काळच्या पीसीचं ग्राफिक्स) फ्लॉपी व्हर्जन, १९९० चं. ३२० बाय २०० ची स्क्रीन आणि फक्त १६ ठरलेले रंग. तुम्हाला वाटेल १६ रंगात काय दिसणार, पण मार्क फेरारी नावाच्या आर्टिस्टने दोन रंगांचे ठिपके शेजारी शेजारी टाकून तिसऱ्याच रंगाचा भास तयार करायची जी करामत केलीय ना, ती बघण्यासारखी आहे, गेम जिथे सुरू होतो त्या मेले नावाच्या बेटावरची ती निळी रात्र ईजीएमध्ये जशी गडद दिसते तशी पुढच्या कुठल्याच व्हर्जनमध्ये दिसत नाही असं माझं मत आहे. भांडायला तयार आहे.

त्यानंतर व्हीजीए (ईजीएच्या पुढचं ग्राफिक्स) फ्लॉपी. रंग २५६ झाले, बॅकग्राउंड आणि पात्रांचे क्लोजअप नव्याने रंगवले गेले, बाकी गेम जवळपास तोच. खाली व्हर्ब १२ च होते, उघड, बंद कर, ढकल, ओढ, चाल, उचल, बोल, दे, वापर, बघ, चालू कर, बंद कर असे सगळे, आणि बाजूला तुमच्याकडच्या वस्तूंची नावं नुसती शब्दांत लिहिलेली.

मग १९९२ मध्ये सीडी व्हर्जन. इथे पहिल्यांदा इंटरफेसला हात लागला. १२ व्हर्बचे ९ झाले, चाल आणि चालू-बंद कर वाले गेले आणि वस्तूंची नावं जाऊन छोटी चित्रं आली. मायकल लँडचं संगीत सीडीवरच्या ऑडिओ ट्रॅकमधून वाजायला लागलं, ज्याने आयुष्यभर पीसी स्पीकरची किरकिर ऐकली त्याला हा मोठाच फरक होता. खेळायला हे व्हर्जन सगळ्यात सुटसुटीत आहे यात वाद नाही. पण एक जोक काढून टाकला गेला, त्याबद्दल खाली.

मधे ॲमिगा, अटारी एसटी, मॅक, जपानचं एफएम टाउन्स, सेगा सीडी ह्या सगळ्यांवर पण गेम आला. नवीन माणसाने त्यांच्या नादी लागू नये. सेगा सीडीवर रंग कमी पडतात आणि माउसऐवजी कंट्रोलरने कर्सर ढकलत बसावं लागतं. कलेक्शनचा शौक असेल तर बघा.

आणि शेवटी २००९ ची स्पेशल एडिशन. सगळी चित्रं नवी, सगळ्यांना आवाज, गायब्रशला डॉमिनिक अर्माटोचा, जो तिसऱ्या भागापासून गायब्रश बोलत होता आणि त्याच्याशिवाय आता कोणी तो रोल करावा असं वाटतच नाही. गायब्रशची नवीन हेअरस्टाइल मात्र काय विचार करून केली देव जाणे. ह्या एडिशनची खरी ताकद एकाच बटणात आहे, एफ१०. ते दाबलं की चालू सीनमध्येच नवीन चित्रं जाऊन जुनं २५६ रंगांचं व्हर्जन समोर येतं, परत दाबलं की परत नवीन. सेव्ह वगैरे काही करायला लागत नाही.

एक लक्षात ठेवा, एफ१० दाबून जुन्या मोडमध्ये गेलात की आवाज बंद, नुसता मजकूर. जुनी चित्रं आणि नवे आवाज एकत्र ह्या एडिशनमध्ये मिळत नाहीत. दुसऱ्या भागाच्या स्पेशल एडिशनमध्ये ते मिळतं पण पहिल्यात नाही. त्यावर फॅन लोकांनी काढलेला उपाय म्हणजे अल्टिमेट टॉकी एडिशन, ते टूल तुमच्याच विकत घेतलेल्या स्पेशल एडिशनच्या फाइल्समधून आवाज काढून जुन्या व्हीजीए गेमला जोडतं.

मग घ्यायचं काय? गॉग किंवा स्टीमवर स्पेशल एडिशन घ्या, कारण त्यात जुना गेम आपोआप येतोच. पहिल्यांदा खेळताना जुन्या मोडमध्ये सुरुवात करा, एखादा सीन आवडला की एफ१० दाबून नवीन कसं दिसतं ते बघा. उलटं करू नका. आधी गुळगुळीत चित्रं बघितली की मग जुनं बघायचा धीर राहत नाही.

पायरी २: स्कमव्हीएमवर चालवायचं असेल तर

तुमच्याकडे जुनी फ्लॉपी किंवा सीडी असेल, किंवा स्पेशल एडिशनमधून टूल वापरून जुन्या फाइल्स काढल्या असतील तर स्कमव्हीएम लागेल, म्हणजे जुने गेम आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम. हे फुकट आणि ओपन सोर्स आहे, २००१ पासून चालू आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स, फोन सगळीकडे चालतं. स्कम हे लुकासफिल्मच्या गेम इंजिनचं नाव, गेममधल्या दारूच्या अड्ड्याचं नाव स्कम बार आहे ते त्याच्यावरूनच.

इन्स्टॉल करा, ॲड गेम दाबा, गेमच्या फाइल्स असलेला फोल्डर दाखवा. मग ते स्वतःच ओळखतं की ही ईजीए आहे, व्हीजीए आहे की सीडी, आणि लिस्टमध्ये नावापुढे तसं लिहून येतं. तुम्हाला फाइल्सवरूनच ओळखायचं असेल तर डिस्क०१.एलईसी, डिस्क०२.एलईसी अशा फाइल्स दिसल्या की फ्लॉपी व्हर्जन समजा, आणि मंकी.००० आणि मंकी.००१ अशी जोडी दिसली की सीडीवालं. एका व्हर्जनची सेव्ह फाइल दुसऱ्यात चालेल अशी आशा धरू नका, दोन्ही वेगळे गेम म्हणूनच ॲड करा.

सेटिंगमध्ये दोनच गोष्टी बघा, बाकी नंतर खेळत बसा.

पहिली, आस्पेक्ट रेशो करेक्शन चालू करा. जुन्या मॉनिटरवर ३२० बाय २०० ची स्क्रीन ताणून ४:३ मध्ये दिसायची, म्हणजे प्रत्येक पिक्सेल थोडा उभट. आजच्या स्क्रीनवर हे सेटिंग बंद ठेवलं की सगळी पात्रं दाबल्यासारखी बुटकी दिसतात आणि लोक म्हणतात जुने ग्राफिक्स किती विचित्र. ग्राफिक्स ठीक आहेत, ताण चुकलाय.

दुसरी, साउंड. फ्लॉपी व्हर्जनला पीसी स्पीकर, ॲडलिब आणि रोलंड एमटी-३२ (ही दोन्ही त्या काळची साउंडची उपकरणं) असे पर्याय आहेत. एमटी-३२ सगळ्यात भारी वाजतं पण त्याच्यासाठी वेगळ्या रॉम फाइल्स लागतात, त्या नसतील तर ॲडलिब ठेवा, ॲडलिबमध्ये सुद्धा ती सुरुवातीची धून डोक्यात बसतेच. सीडी व्हर्जनला हा प्रश्न नाही, फक्त ऑडिओ ट्रॅकच्या फाइल्स त्याच फोल्डरमध्ये हव्यात नाहीतर गेम चालेल पण संगीताविना.

आणि हो, जुन्या बॉक्समध्ये कागदाची दोन चकत्यांची एक चक्री यायची, डायल-अ-पायरेट नावाची. गेम सुरू होताना एका पायरेटचं तोंड दाखवायचा, तुम्ही चक्री फिरवून वरचं कपाळ आणि खालची हनुवटी जुळवायची आणि विचारलेल्या जागेसमोर जे साल येईल ते टाइप करायचं. कॉपी करणाऱ्यांना अडवायला. चक्री हरवली तर विकत घेतलेला गेम पण बंद. स्कमव्हीएम ही तपासणी आपोआप ओलांडतं त्यामुळे घाबरू नका.

पायरी ३: ह्या कीज पाठ करा

स्पेस म्हणजे पॉज. एस्केप म्हणजे चालू असलेला सीन स्किप. फुलस्टॉपची की म्हणजे एकच वाक्य पुढे, आणि हे सोनं आहे, कारण मजकूर हळू येत असेल तर वाक्य वाचून झालं की फुलस्टॉप दाबायचा, आख्खा सीन उडवायची गरज नाही. प्लस आणि मायनसने मजकुराचा वेग कमीजास्त होतो, इंग्रजी वाचायला वेळ लागत असेल तर सुरुवातीलाच मायनस दोनतीनदा दाबून ठेवा. एफ५ ला सेव्ह आणि लोड.

एखाद्या वस्तूवर कर्सर नेला की पॅनलमधला एक व्हर्ब उजळतो, दारावर नेला तर उघड, माणसावर नेला तर बोल. राइट क्लिक केलं की तोच व्हर्ब लागू होतो. हे माहीत नसलं की माणूस प्रत्येक वेळी खाली जाऊन व्हर्ब दाबून परत वर येतो आणि अर्ध्या तासात कंटाळतो.

स्पेशल एडिशनच्या नवीन मोडमध्ये पॅनल स्क्रीनवर कायम नसतं, उघडावं लागतं. अडकलात तर एच दाबा, हिंट मिळते, आधी मोघम आणि परत परत मागितली की स्पष्ट. चांगली सोय आहे पण पहिल्या पाच मिनिटांतच एच दाबणार असाल तर हा गेम कशाला घेतलात.

पायरी ४: सुरुवातीचे काही तास

स्कम बारमध्ये जा आणि सगळ्यांशी बोला. सगळ्यांशी म्हणजे सगळ्यांशी, कुत्र्याशी पण. हा गेम बोलण्यावर चालतो आणि चुकीचं उत्तर निवडल्याची शिक्षा होत नाही, उलट चुकीची उत्तरंच जास्त हसवतात. एक पायरेट कोपऱ्यात बसलाय त्याच्या छातीवर बिल्ला आहे, मला लूमबद्दल विचारा. विचारा. लूम हा त्याच कंपनीचा त्याच वर्षी आलेला गेम, आणि हा माणूस एरवी तोंड उघडायला तयार नसतो पण लूमचं नाव काढलं की सेल्समनसारखा धडाधड जाहिरात म्हणून दाखवतो. क्लोजअपमध्ये त्याचं तोंड नीट बघा.

पैसे नसतील तर सर्कसच्या तंबूत जा. तिथले दोघे भाऊ तुम्हाला तोफेतून उडवायला ४७८ नाणी देतात, फक्त डोक्यावर घालायला हेल्मेट हवं आणि हेल्मेट म्हणजे काय हे ठरवताना स्वयंपाकघर आठवा. एवढ्या पैशात सुरुवातीची खरेदी निघते, त्यातली एक वस्तू म्हणजे १०० नाण्यांचा खजिन्याचा नकाशा. नकाशा उघडलात की नाच शिकायच्या स्टेप्स दिसतील, फसवलं असं समजून सेव्ह लोड करू नका, जंगलात उभे राहून परत एकदा वाचा.

तलवारबाजीत नवीन लोक हमखास अडकतात. इथे तलवार जोरात चालवून काही होत नाही, समोरच्याला शब्दांनी हाणायचं असतं, तो टोमणा मारणार आणि तुम्हाला त्याला साजेसं प्रत्युत्तर माहीत हवं. आणि प्रत्युत्तर शिकायचं कसं तर हरून. रस्त्यावर भेटणाऱ्या पायरेट लोकांशी भिडा, तो जो टोमणा मारेल तो तुमच्या लिस्टमध्ये जमा होतो, पुढच्या पायरेटला तोच मारायचा आणि तो काय उत्तर देतो ते ऐकायचं, मग ते उत्तर पण तुमचं. म्हणजे सुरुवातीला मुद्दाम हरत राहायचं, लोड करून जिंकायचा प्रयत्न केलात तर शिकलेलंच जाईल. शेवटी स्वॉर्ड मास्टर समोर येते तेव्हा तिचे टोमणे वेगळेच असतात, एक पण ओळखीचा नाही, पण तुमची तीच उत्तरं तिच्या टोमण्यांना पण फिट बसतात. कुठलं कुठे बसतं ते ऐकून ठरवायचं. गेम डिझाइन शिकणाऱ्यांनी हा भाग दोनदा खेळावा.

आता एक जागा जिथे व्हर्जनचा फरक हाताला जाणवतो. तुरुंगाचं कुलूप वितळवायला ग्रॉग (बारमधली पायरेट लोकांची दारू) न्यायचा असतो, आणि ग्रॉग इतका जहाल की ज्यातून न्याल तो मग (कप) पण वितळतो, त्यामुळे चालता चालता एका मगमधून दुसऱ्या मगमध्ये ओतत न्यावा लागतो. जुन्या इंटरफेसमध्ये सगळे मग आणि व्हर्ब समोरच असतात, पटापट क्लिक करून होतं. नवीन मोडमध्ये पॅनल उघडा, व्हर्ब निवडा, कुठला मग ते निवडा, तोपर्यंत ग्रॉग जमिनीवर. लोक इथे वैतागून गेम सोडतात. सोडू नका, बारमधून निघायच्या आधी एफ१० दाबा, काम करा, परत एफ१० दाबा.

पायरी ५: आतल्या गमती (इथून पुढे थोडे स्पॉइलर)

जंगलातलं खोड. मेले आयलंडच्या जंगलात एका ठिकाणी तोडलेल्या झाडाचं खोड आहे. फ्लॉपी व्हर्जनमध्ये त्याच्यात डोकावलं की गायब्रश खुश होतो, खाली भुयारांचं जाळंच आहे म्हणतो, आणि लगेच गेम थांबून मेसेज येतो की डिस्क नंबर २२ टाका. मग ३६ टाका. मग ११४ टाका. गेम आला होता हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या फ्लॉपींवर. शेवटी गायब्रश म्हणतो जाऊ दे, गेमचा हा भाग सोडूनच द्यावा लागेल. झालं काय तर खूप लोकांना हा जोक कळलाच नाही, त्यांना खरंच वाटलं की आपल्या बॉक्समध्ये डिस्का कमी आल्या आणि त्यांनी हेल्पलाइनला फोन लावले. सीडी व्हर्जनमध्ये हा जोक काढून टाकला, एकाच सीडीवर आलेल्या गेममध्ये फ्लॉपी बदला म्हणण्याला तसाही अर्थ राहिला नव्हता. म्हणून हा मूळ रूपात बघायचा तर ईजीए किंवा व्हीजीए फ्लॉपीच हवी. दुसऱ्या भागात ह्याची परतफेड आहे, जंगलात एक टेलिफोन सापडतो, त्याच्यावरून गायब्रश थेट कंपनीच्या हिंट लाइनला फोन करतो आणि त्या खोडाच्या जोकबद्दल पण विचारू शकतो.

भिंतीमागची मारामारी. ही माझी सगळ्यात आवडती. गव्हर्नरच्या बंगल्यात मूर्ती चोरायला शिरता (बाहेरच्या कुत्र्यांना झोपवल्यावर स्क्रीनवर येणारी पाटी वाचा, ते मेले नाहीत नुसते झोपलेत असं गेम आवर्जून सांगतो) आणि मग गायब्रश भिंतीमागे जातो, आतून धडाधड आवाज येतात आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. खाली बघा. जिथे तुमची कमांड लिहून येते त्या ओळीत गेम स्वतःच कमांड द्यायला लागतो. उचल हे, ढकल ते. मधेच स्टेपलच्या पिना काढायचं यंत्र एका भल्यामोठ्या खतरनाक दिसणाऱ्या याकवर वापर. याक कुठून आला, स्टेपलचं काय चाललंय, कोणी सांगत नाही. गायब्रश बाहेर येतो तेव्हा पिशवीत अशा वस्तू असतात ज्या तुम्ही उचललेल्याच नाहीत. आख्खा सीन त्या एका ओळीवर आहे, आणि तुमची नजर वर चित्रावर असेल तर सगळाच हुकतो. हा तरी जुन्या मोडमध्ये बघा, जिथे पॅनल आणि ती ओळ डोळ्यासमोर असते.

दहा मिनिटांचं मरण. रॉन गिल्बर्टने १९८९ मध्येच एक लेख लिहून ॲडव्हेंचर गेम्सवर टीका केली होती की उठसूट हिरोला मारू नका, खेळणाऱ्याला सतत सेव्ह करायला लावणं म्हणजे डिझाइन नाही. मंकी आयलंडमध्ये म्हणून मरता येत नाही. एकच जागा सोडून. त्या मूर्तीसकट तुम्हाला पाण्यात फेकलं जातं, आजूबाजूला सुऱ्या, तलवारी, कात्र्या सगळं पडलेलं आणि सगळं हातभर लांब. गायब्रशने बढाई मारलेली असते की मी दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. तर घड्याळ लावा आणि खरंच दहा मिनिटं काही करू नका. तो मरतो, आणि मग खालचं पॅनल बघा, उचल आणि ढकल जाऊन तिथे तरंग, फुग, सड असले व्हर्ब आलेले असतात, आणि शेवटी हिंट बुक मागव. त्याआधी सेव्ह करा एवढंच. सुटायचं कसं ते सांगत नाही, फक्त त्या सगळ्या धारदार वस्तूंकडे बघायचं सोडा आणि आपल्याला कशाला बांधलंय त्याचा विचार करा.

कडा. नंतर मंकी आयलंडवर पोचलात की डोंगरावरच्या कड्याच्या टोकाला जाऊन उभे राहा. जमीन सुटते, गायब्रश खाली, आणि एक बॉक्स येतो की तुम्ही माती खाल्ली, सेव्ह केलं असेल अशी आशा आहे, रिस्टोअर, रीस्टार्ट की क्विट. सिएरा ह्या दुसऱ्या ॲडव्हेंचर कंपनीच्या गेम्समध्ये पावलोपावली असा बॉक्स यायचा, त्या काळच्या माणसाच्या पोटात गोळाच यायचा. काही दाबू नका. दोन सेकंद थांबा, गायब्रश उसळी घेऊन परत वर येतो आणि म्हणतो खाली रबराचं झाड होतं.

आपलंच जहाज बुडवणं. त्याच कड्याजवळ एक लाकडी कलाकृती आहे, तिच्यावर दगड ठेवून उडवता येतो आणि नेम बदलता येतो. नेम चुकला किंवा चुकवला तर दगड समुद्रात उभ्या तुमच्याच जहाजावर पडतो आणि ते बुडतं. गेम अडकत नाही, पुढे चालू राहतो, पण शेवटचा भाग थोडा बदलतो. दुसऱ्यांदा खेळताना बुडवा.

कंट्रोल आणि डब्ल्यू. जुन्या डॉस व्हर्जनमध्ये हे दाबलं की तुम्ही जिंकलात, क्रेडिट्स सुरू. बस एवढंच. ज्याला नुसतंच जिंकायचंय त्याच्यासाठी.

पुढे दुसरा भाग खेळणार असाल तर

'मंकी आयलंड २' १९९१ चा, आणि तिथे व्हर्जनचा फरक उलट बाजूने जातो. जुन्या गेममध्ये सुरुवातीलाच विचारतात की पूर्ण गेम की लाइट, आणि बॉक्सच्या मागे लिहिलंय की लाइट हा गेमच्या परीक्षकांसाठी. टोमणा आहे पण मोड खरा आहे, बरीच कोडी गायब किंवा सोपी होतात. २०१० च्या स्पेशल एडिशनमध्ये हा लाइट मोड नाही, आणि सुरुवातीची माकडं नाचतात ती टायटल पण काढून टाकलीय, जे मला अजून पटलेलं नाही. बदल्यात जुन्या चित्रांवर आवाज ऐकता येतो आणि बनवणाऱ्यांची कॉमेंटरी आहे. संगीत दोन्हीत ऐका, आयम्यूज नावाची सिस्टीम इथे पहिल्यांदा आली, वूडटिक गावात एका होडीतून दुसऱ्या होडीत जाताना धून न तुटता वाद्यं कशी बदलतात ते हेडफोन लावून ऐका.

ॲमिगावर हा दुसरा भाग ११ फ्लॉपींवर आला होता, आणि तिथे डिस्क बदला हा मेसेज जोक नव्हता.